जिवंत असेल तर निळं

तुकडा आला तेव्हा साडेअकरा झाले होते.
ओल्या गॉझमध्ये, बर्फावर, चिंचोक्याएवढा.
चिठ्ठीवर: पुरुष, बावन्न, उजवा हात कोपराखाली,
भट्टी.
नाव नाही. बांबोळीच्या या खोलीत नावं येत नाहीत,
नंबर येतो. तो मी काचेच्या कडेला
शिसपेन्सिलीनं लिहिते,
शाई अल्कोहोलात धुऊन जाते म्हणून.

डॉक्टर वेलिंगकरांचा प्रश्न एकच असतो: कुठपर्यंत?
कुठपर्यंत कापायचं आणि कुठून पुढं सोडायचं.
वरून बघून सांगता येत नाही. भाजलेली कातडी
पहिले दोन-तीन दिवस काही कबूल करत नाही.

उणे बावीसवर गोठवला.
पात्याखालून आठ मायक्रॉनचा पापुद्रा निघाला,
ब्रशच्या दोन केसांनी वळवून काचेवर घेतला.
मग टेट्राझोलियम, पिवळट, पाण्यासारखं,
आणि सदतीस अंशांची पेटी.
सदतीसच का, असं मी पिएदाद टीचरना
पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.
त्या म्हणाल्या, अगं, त्याला वाटायला नको
आपण अजून अंगातच आहोत?

कापून तास होऊन गेला तरी
पेशींच्या आत जे श्वासाचं काम चालतं
ते चालूच असतं. कुणी कळवलेलं नसतं त्यांना.
त्या कामातूनच रंग पडतो.
आम्ही निळा घालत नाही,
जिवंत असेल ते आपलं आपण निळं होतं.
मेलेलं तसंच राहतं, फिकट,
तांदळाच्या धुवणासारखं.

उरलेला अर्धा फॉर्मालीनमध्ये,
नंतर मेणात, नंतर मॅसनच्या रंगांसाठी.
तिथं धडधाकट कोलॅजन निळं येतं, शिजलेलं लाल.
पाहणाऱ्याला वाटतं, बरोबर, आगीचा लाल.
तसं नसतं. उष्णतेनं धाग्यांची वीण बिघडते
आणि नेहमीचा निळा त्यांना लागेनासा होतो,
एवढंच.
मेण माझंही साठ अंशांवर वितळतं.
गरम पट्टीवर काच विसरले
तर माझं भाजलेलं त्याच्या खात्यावर जाईल.
म्हणून उभी राहते. चहा निवतो.

आगशीला आमच्या वाड्यावर
पोदेराची सायकल तीन दिवस आली नव्हती.
इनासचा भोंपू वाजला नाही की आमच्याकडे
सकाळ कुठून सुरू करावी कळत नाही.
लहानपणी पिशवी घेऊन मी त्याच्या भट्टीपाशी थांबायची.
तो आत हात घालायचा आणि मोजायचा, पोर्तुगीजमध्ये,
त्याला तेवढंच पोर्तुगीज यायचं.
सातापर्यंत टिकला तर उंडे लावायचे.
आधीच ओढावा लागला तर भट्टी अजून तापलेली,
थांब गो बाय.
त्याच्या त्या हाताला
कोपरापर्यंत एक केस नव्हता.

पेटी उघडली. काच धुतली. भिंगाखाली घेतली.
वरचा थर पांढराफटक.
त्याखाली पांढरं. अजून खाली पांढरं.
मी काच सरकवत राहिले.
मग अगदी तळाशी, चरबीच्या जवळ,
एक निळा ठिपका, त्याच्या बाजूला दुसरा,
मग चार-पाच एका ओळीत.
केसांची मुळं.
वर काही नव्हतं आणि खाली मुळं होती.
मुळं असली तर कातडी तिथून परत चढते,
हे पुस्तकात आहे, मी रिपोर्टात लिहीत नाही.
मी लिहिलं: अमुक खोलीपर्यंत निर्जीव,
त्याखाली सजीव. सही. वेळ.
वॉर्डाकडे जायचा जिना डावीकडे होता.
मी कॅन्टीनला गेले.

विसाव्या दिवशी भोंपू वाजला.
उजव्या हाताला पट्टी, पिशवीत डाव्या हातानं मोजून टाकले.
माझ्याकडं सुट्टे नव्हते. फाल्यां दी, म्हणाला.
उंडे तळाला करपले होते.
हल्ली भट्टीवर भाचा असतो, म्हणाला.
घाईनं मोजतो.